हैदराबादचे दोन मराठी न्यायमूर्ती

न्यायाधीशाचे चरित्र सांगणे हे सोपे काम नव्हे. सेनापतीच्या चरित्रात लढाया असतात, पुढाऱ्याच्या चरित्रात चळवळी आणि तुरुंगवास असतात. न्यायाधीशाच्या मागे राहतात ती निकालपत्रे, आणि ती वाचणारे लोक फार थोडे. पदाच्या मर्यादेमुळे तो सभा गाजवीत नाही, वर्तमानपत्रांतून वाद घालीत नाही, स्वतःच्या निर्णयाचे समर्थन करण्यासाठी बाजारात उभा राहत नाही. जो पक्ष हरतो त्याला त्याचे नाव नकोसे होते. जो जिंकतो तो आपल्या वकिलाचे आभार मानून घरी जातो. असे असूनही काही न्यायमूर्तींची नावे समाजाच्या तोंडी राहतात. ती का राहतात, याचा विचार करण्यासारखा आहे.

महादेव गोविंद रानडे १८९३ पासून १९०१ साली निधन होईपर्यंत मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांचा एखादा निकाल आज सामान्य वाचकाला सांगता येणार नाही. पण 'न्यायमूर्ती' हा शब्द मात्र त्यांच्या नावाचाच एक अंश होऊन बसला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि नारायण गणेश चंदावरकर यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. न्यायासनावर बसून कायदा सांगावा आणि न्यायासनावरून उठल्यावर समाजासाठी शाळा, सभा, ग्रंथालये उभारावीत, असा एक धडा या मंडळींनी घालून दिला. याच धड्याची एक शाखा मुंबई-पुण्यापासून दूर, निजामाच्या हैदराबादेत फुलली होती. महाराष्ट्रातील वाचकाला तिचा परिचय असावा तितका नाही. केशवराव कोरटकर आणि गोपाळराव एकबोटे ही त्या शाखेची दोन ठळक नावे. एक राजेशाहीच्या काळातील न्यायमूर्ती, दुसरे लोकशाहीच्या काळातील मुख्य न्यायाधीश. दोघांची मातृभाषा मराठी, आणि दोघांचीही कर्मभूमी हैदराबाद.

या दोन चरित्रांचे धागे शोधावयाचे तर हैदराबादच्या नामपल्ली भागापासून प्रारंभ करावा. वाडी जंक्शनवरून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला आणि गुलबर्गा, सोलापूर, मुंबई ही शहरे निजामाच्या राजधानीला जोडली गेली. हैदराबादचे मुख्य स्थानक नामपल्लीत. त्याची इमारत १९०७ सालची. स्थानकापासून थोड्याच अंतरावर 'बाग-ए-आम' हे विस्तीर्ण उद्यान आहे. त्या उद्यानात नगरभवनाची पांढरी शुभ्र इमारत आहे. १९०५ साली तिचा पाया घातला गेला व १९१३ साली ती पूर्ण झाली. पुढे याच इमारतीत हैदराबाद राज्याची विधानसभा भरू लागली. स्थानकाच्या रस्त्यावरच १९३५ साली स्थापन झालेल्या हिंदी प्रचार सभेचे कार्यालय आहे. आणि दक्षिणेकडे, मुसी नदीच्या काठी, लाल दगडाची उच्च न्यायालयाची भव्य वास्तू आहे. तिचे बांधकाम १९१५ साली सुरू होऊन १९१९ साली संपले, आणि २० एप्रिल १९२० रोजी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एवढ्याशा टापूत या दोन न्यायमूर्तींच्या आयुष्याचा बराचसा भाग सामावलेला आहे.

त्या काळचे हैदराबाद संस्थान म्हणजे तीन भाषांचा संगम होता. प्रजेपैकी सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे चतुर्थांश मराठी बोलणारे, आणि त्याखालोखाल कानडी बोलणारे. राज्यकारभाराची भाषा मात्र यांपैकी एकही नव्हती. पूर्वी ती फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. परभणीकडचा एखादा शेतकरी बांधाच्या तंट्यासाठी कचेरीत गेला, तर त्याचे गाऱ्हाणे मराठीत, अर्ज उर्दूत आणि निकालही उर्दूत. आपल्याविषयी काय ठरले हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून समजावे लागे. उर्दू ही काही परकी भाषा नव्हे. दक्खनच्या मातीतच तिचे एक रूप घडले, आणि शहरातील कितीतरी मराठी व तेलुगू घरांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले. पण खेड्यातल्या माणसाला ती येत नव्हती, ही गोष्ट खरीच होती. अशा राज्यात ज्याला न्यायाच्या क्षेत्रात शिरावयाचे असेल त्याला आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे.

केशवराव कोरटकरांनी तो ओलांडला. त्यांचा जन्म १८६७ सालचा, परभणी जिल्ह्याच्या वसमत भागातला. गुलबर्ग्याला त्यांनी वकिलीस प्रारंभ केला आणि १८९६ साली ते हैदराबादेत आले. राजधानीच्या न्यायालयांत उर्दूतून वकिली करून नाव कमावणे हे मराठवाड्यातून आलेल्या तरुणाला सोपे नव्हते. केशवरावांनी ते कमावले. पण त्यांचे मोठेपण केवळ यशस्वी वकिलीत मोजता येणार नाही. पैसा मिळविणारे वकील तेव्हाही पुष्कळ होते. आपल्या भोवतालचा समाज शिक्षणावाचून मुका आहे, आणि मुक्या समाजाला कायद्याचा उपयोग होत नाही, हे ज्यांनी ओळखले अशा थोड्यांपैकी ते एक होते.

हैदराबादच्या सुलतान बाजारात १८९२ साली आर्य समाजाची स्थापना झाली होती. केशवराव त्या समाजाचे आधारस्तंभ बनले व पुढे त्याचे अध्यक्षही झाले. वेदांचे व्यासंगी आणि चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही त्या काळी हैदराबादेतच होते. या मंडळींच्या सहवासातून समाजसुधारणेचे वारे वाहू लागले. आपल्या मतांची कसोटी केशवरावांनी स्वतःच्या घरातच लावली. त्या दिवसांत श्रीमंत वकिलाच्या मुलासाठी सरकारी नोकरीची वाट सोपी असे. केशवरावांनी मात्र आपला मुलगा विनायक याला दूर हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात शिकावयास पाठविले. तेथील 'विद्यालंकार' ही पदवीच पुढे त्याच्या नावाला जोडली गेली. विनायकराव विद्यालंकार स्वतः बॅरिस्टर झाले आणि स्वातंत्र्योत्तर काळात हैदराबाद राज्याचे मंत्री व पुढे लोकसभेचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले.

१९०७ हे साल हैदराबादच्या मराठी समाजाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी विवेक वर्धिनी ही शाळा निघाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींचा तिच्यामागे हात होता. त्याच वर्षी गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले. शाळा काढणे ही आज फार मोठी गोष्ट वाटत नाही. परंतु ज्या राज्यात वरच्या शिक्षणाला मातृभाषेचे दार नव्हते आणि खासगी संस्थांकडे अधिकारी संशयाने पाहत, तेथे लोकांच्या वर्गणीवर शाळा चालविणे हे धाडसच होते. शाळा जेमतेम वर्षाची होते न होते तोच, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि शहरातील हजारो माणसे बळी गेली. अशा संकटातूनही विवेक वर्धिनी टिकली, वाढली, आणि आज शंभरांहून अधिक वर्षांनंतरही तिच्या शाळा-महाविद्यालयांतून मुले शिकत आहेत. एका वकिलाच्या पक्षकारांची नावे काळाच्या ओघात पुसली जातात. त्याने काढलेल्या शाळेतून दरवर्षी नवी मुले बाहेर पडत राहतात.

याच केशवरावांना पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद मिळाले. संस्थानी राज्यात या पदाचा अर्थ काय होता, हे समजून घेतले पाहिजे. तेथे राज्यघटना नव्हती. कायद्याचे मूळ राजाच्या फर्मानात होते आणि न्यायाधीशाची नेमणूकही त्याच फर्मानाने होत असे. तथापि १९२१ च्या सुमारास निजाम सरकारने न्यायखाते आणि कारभारखाते यांची फारकत केली. तहसीलदाराने वसुलीही करावी आणि फौजदारी खटलेही चालवावेत ही जुनी रीत मोडण्याचा तो प्रयत्न होता. ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी वर्षानुवर्षे होत असून ती तेव्हा मान्य झालेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या सुधारणेचे महत्त्व पटते. दुसऱ्या बाजूला त्याच वर्षांत राजकीय सभांवरचे निर्बंध कडक होत गेले. इतके की हैदराबाद संस्थानच्या प्रजेची पहिली राजकीय परिषद १९२३ साली संस्थानाच्या हद्दीत न भरता काकीनाड्याला भरवावी लागली, आणि पुढच्या परिषदाही मुंबई, पुणे व अकोला अशा बाहेरच्याच शहरांत झाल्या. एकीकडे न्यायालयाला स्वतंत्र वास्तू आणि स्वतंत्र खाते, दुसरीकडे नागरिकाला बोलण्याची बंदी, अशा विसंगत काळात लोकसेवेसाठी प्रसिद्ध असलेला एक मराठी गृहस्थ न्यायासनावर बसला. 'न्यायमूर्ती केशवराव' हे नाव तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसले ते कायमचे.

या चरित्रात एक प्रसंग असा आहे की, जो वगळून पुढे जाणे सत्याला धरून होणार नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत समाजसुधारणा परिषद भरली. केशवराव ज्या सुधारणेच्या चळवळीत अग्रभागी होते तिचीच ही परिषद. अध्यक्षस्थानी होते धोंडो केशव कर्वे, आणि जागा होती विवेक वर्धिनीचे नाट्यगृह. भाषणे इंग्रजी, उर्दू आणि मराठीतून चालली होती. अलमपल्ली वेंकट रामराव नावाचे एक तेलुगू वकील उठले व त्यांनी आपल्या मातृभाषेत बोलावयास प्रारंभ केला. त्याबरोबर सभेत हुल्लड झाली, टाळ्या पिटल्या गेल्या, आणि त्यांना बोलू दिले गेले नाही. ज्या राज्यात निम्मी प्रजा तेलुगू बोलते त्या राज्याच्या राजधानीत, सुधारणेच्या व्यासपीठावर, तेलुगू भाषेची अशी थट्टा व्हावी हे पाहून तेलुगू मंडळी व्यथित होऊन बाहेर पडली. त्याच रात्री त्यांनी एकत्र जमून 'आंध्र जन संघम्' ही संस्था स्थापन केली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव, मंदुमुल नरसिंगराव यांच्यासारखे पुढे फार मोठे झालेले लोक तिच्यात होते. तेलंगणातील ग्रंथालयांची, शाळांची आणि पुढे राजकीय जागृतीची चळवळ या संस्थेतून वाढली.

या प्रसंगाचा दोष एका माणसावर ठेवता येणार नाही आणि ठेवूही नये. पण त्यातला बोध मराठी माणसाने विसरता कामा नये. ज्यांनी स्वतः परक्या भाषेच्या ओझ्याखाली आपल्या मुलांसाठी मराठी शाळा काढली, त्यांच्याच सभागृहात दुसऱ्याच्या मातृभाषेला हसू झाले. स्वतःला सोसावे लागलेले दुःख माणसाला दुसऱ्याचे दुःख ओळखावयास शिकवितेच असे नाही. ते मुद्दाम शिकावे लागते. न्यायबुद्धी ज्याला म्हणतात तिचा आरंभ येथेच होतो.

केशवरावांच्या अखेरच्या काळातील एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले. मराठी भाषेला संस्थानच्या राजधानीत मिळालेला तो जाहीर मान होता. त्यानंतर थोड्याच काळाने, १९३२ साली, केशवरावांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली नारायणगुड्यात केशव स्मारक शाळा स्थापन झाली. पुतळ्यापेक्षा शाळा हेच त्यांचे योग्य स्मारक, असे त्यांच्या चाहत्यांना वाटले असल्यास नवल नाही.

केशवराव निवर्तले तेव्हा गोपाळराव एकबोटे वीस वर्षांचे तरुण होते. त्यांचा जन्म १९१२ सालचा. त्यांनीही वकिलीचाच मार्ग धरला. त्यांच्या उमेदीची वर्षे संस्थानच्या इतिहासातील सर्वांत खळबळीची वर्षे होती. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. हैदराबाद मात्र बाहेर राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन नामपल्लीच्या त्या पांढऱ्या नगरभवनात लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी येऊन बसले. गोपाळराव त्यांपैकी एक होते.

मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्णराव. म्हणजे १९२१ च्या त्या रात्री ज्यांनी तेलुगूच्या सन्मानासाठी संस्था काढली, त्यांपैकीच एक. बुर्गुल हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचे चिरंजीव विनायकराव होते, आणि पुढे गोपाळराव एकबोटेही त्यात आले. शिक्षणखाते त्यांनी सांभाळले. इतिहास कधी कधी असा हिशेब जुळवितो. ज्या नाट्यगृहात तेलुगू वक्त्याला खाली बसविले गेले ते उभारणाऱ्या पिढीचे वारस एका तेलुगू मुख्यमंत्र्याच्या हाताखाली एकोप्याने काम करू लागले. एका रात्रीची तेढ कायमची वैर होऊन राहिली नाही, याचे श्रेय दोन्ही बाजूंच्या समजूतदार माणसांना दिले पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि हैदराबाद राज्य नाहीसे झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. कानडी मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेलंगणा आंध्राशी जोडला जाऊन आंध्र प्रदेश निर्माण झाला. राजधानीतल्या मराठी कुटुंबांपुढे तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. कालपर्यंत आपण ज्या राज्याची चतुर्थांश प्रजा होतो, त्याच शहरात आता आपण अल्पसंख्य झालो. ज्याला राजकारणात पुढे जावयाचे होते त्याच्यासाठी मुंबईचा रस्ता मोकळा होता, आणि कित्येकांनी तो धरलाही. गोपाळराव हैदराबादेतच राहिले. मंत्रिपद गेले, पण वकिलीचा आणि कायद्याचा व्यासंग होता. पुढे ते आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हे न्यायालय १९५४ पासून आंध्र राज्याचे न्यायालय म्हणून गुंटूरला होते. १९५६ नंतर ते मुसीकाठच्या त्याच लाल वास्तूत आले. ज्या न्यायालयात केशवरावांनी उर्दूतून काम केले, त्याच वास्तूत गोपाळराव इंग्रजीतून निकाल लिहू लागले. राज्य बदलले, राज्यकर्ते बदलले, तरी सामान्य पक्षकाराला निकाल दुसऱ्याच्या तोंडूनच समजावा, ही स्थिती मात्र फारशी बदलली नव्हती.

१ एप्रिल १९७२ रोजी गोपाळराव एकबोटे आंध्र प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि ३१ मे १९७४ पर्यंत त्या पदावर राहिले. हा काळ किती कठीण होता याची कल्पना आजच्या वाचकाला द्यावयास हवी. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने 'मुलकी' नियम जारी झाले होते. सरकारी नोकरी त्यालाच मिळावी, जो राज्यात जन्मला किंवा पंधरा वर्षे राहिला, असा त्यांचा आशय. आंध्र प्रदेश झाल्यावर हे नियम तेलंगणात लागू राहतात की नाही, यावर वाद पेटला. फेब्रुवारी १९७२ मध्ये उच्च न्यायालयाने ते आता लागू नाहीत असा निर्णय दिला. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिला. या दोन निकालांच्या मधल्या काळात गोपाळरावांनी मुख्य न्यायाधीशपद स्वीकारले होते. पाहता पाहता किनारपट्टीच्या जिल्ह्यांत 'जय आंध्र' आंदोलन भडकले. मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांना पायउतार व्हावे लागले आणि १८ जानेवारी १९७३ पासून सुमारे अकरा महिने राज्यात राष्ट्रपती राजवट होती. नरसिंह राव हेही मराठी उत्तम जाणणारे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनी केला होता. दोन प्रदेशांतले लोक एकमेकांना परके म्हणू लागले असताना राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या शिरोभागी असा मनुष्य होता, की जो भाषेने दोन्ही बाजूंचा नव्हता आणि नागरिक म्हणून दोन्ही बाजूंचा होता.

त्याच सुमारास देशाच्या न्यायसंस्थेवरही मोठा कसोटीचा प्रसंग आला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. निकाल देणाऱ्या तेरा न्यायाधीशांत हैदराबादच्या न्यायालयातून गेलेले पी. जगन्मोहन रेड्डी होते. दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीशाची नेमणूक झाली आणि देशभर खळबळ उडाली. न्यायाधीश स्वतंत्र राहावा की राज्यकर्त्यांच्या मर्जीतला असावा, हा प्रश्न तेव्हा चावडीवरच्या चर्चेतही आला. केशवरावांच्या काळी या प्रश्नाला उत्तर देण्यास फर्मान होते. गोपाळरावांच्या काळी उत्तर घटनेत होते. पण घटनेतली अक्षरे स्वतः होऊन उभी राहत नाहीत. त्यांना आधार लागतो तो रोज सकाळी वेळेवर न्यायासनावर बसून, समोरच्या कागदावरचा खटला नीट ऐकून घेणाऱ्या माणसांचा.

निवृत्तीनंतर गोपाळरावांना स्वस्थ बसता आले असते. त्याऐवजी नामपल्लीच्या हिंदी प्रचार सभेच्या कार्यात त्यांनी लक्ष घातले व तिचे नेतृत्व केले. त्यांच्या विचाराचा गाभा त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच आला आहे. राष्ट्रभाषेवाचूनचे राष्ट्र, असा त्या नावाचा अर्थ. हैदराबादच्या हिंदी प्रचार सभेनेच ते १९८४ साली प्रसिद्ध केले. आयुष्यभर इंग्रजीतून निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाने इंग्रजीचे वर्चस्व टिकू नये यासाठी लेखणी उचलावी, याला अर्थ आहे. न्यायालयाची भाषा आणि लोकांची भाषा यांमधले अंतर त्यांनी न्यायासनावर बसून पाहिले होते. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मताशी सगळेच सहमत होतील असे नाही. दक्षिणेत हिंदीविषयी शंका बाळगणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे म्हणणे हलके लेखता येणार नाही. कारण १९२१ सालच्या त्या सभेत जे घडले तेही एका भाषेने दुसरीला गप्प बसविण्याचेच उदाहरण होते. देशाला एक समान भाषा हवी हा विचार चांगला. पण ती भाषा कोणाच्या मातृभाषेच्या छातीवर पाय देऊन येत असेल तर ती जोडणारी न होता तोडणारी होते. एक मराठी भाषक, तेलुगूच्या राजधानीत, उर्दूच्या परंपरेत वाढून, इंग्रजीतून न्याय देऊन, हिंदीचा प्रचार करतो, यात विरोध पाहण्यापेक्षा एक शक्यता पाहावी. भाषा बदलाव्या लागत नाहीत, वाढवाव्या लागतात. ज्याला पाच भाषांत माणूस ओळखता येतो, त्याला भाषेवरून माणूस तोडावा असे सहसा वाटत नाही.

आज स्थिती कोठे आहे? घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपालांना हिंदी वा राज्याची भाषा कामकाजात आणण्याची मुभा देता येते, इतकेच. महाराष्ट्रात १९९८ च्या आदेशाने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. प्रत्यक्ष वापर कोठे पुरेसा, कोठे अपुरा आहे. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची भाषांतरे मराठी, तेलुगूसह अनेक भाषांत उपलब्ध होऊ लागली आहेत. मुसीकाठच्या वास्तूत १ जानेवारी २०१९ पासून तेलंगणाचे स्वतंत्र उच्च न्यायालय आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी वसमतच्या शेतकऱ्याला जो प्रश्न पडत होता, त्याच्या उत्तराकडे आपण काही पावले चाललो आहोत. पोहोचलो मात्र नाही.

तेव्हा प्रारंभीचा प्रश्न पुन्हा विचारावा: काही न्यायमूर्तींची नावे का राहतात? निकाल हा दोन पक्षांपुरता असतो. त्याने एक तंटा मिटतो. पण तंटा समजून घेण्याची, स्वतःचे गाऱ्हाणे स्वतःच्या शब्दांत मांडण्याची आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेण्याची शक्ती समाजात यावयाची असेल, तर ती न्यायालयात येत नाही. ती शाळेत, ग्रंथालयात, भाषेच्या वर्गात येते. केशवरावांनी हे ओळखून शाळा काढली. गोपाळरावांनी हे ओळखून शिक्षणखाते सांभाळले आणि उतारवयात भाषाप्रचाराचे काम पत्करले. दोघांच्याही जीवनात न्यायासन हा मधला टप्पा होता. आरंभ आणि शेवट लोकांमध्ये होता.

हैदराबादेत आज मराठी कुटुंबे आहेत, त्यांची मुले तेलुगू शेजाऱ्यांबरोबर खेळतात, घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी बोलतात. विवेक वर्धिनीच्या वर्गांत आणि केशव स्मारक शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या मातृभाषा मराठी नाहीत. हे पाहून कोणी खंत करू नये. एका भाषेच्या माणसांनी आपल्या मुलांसाठी उभारलेली शाळा सगळ्यांच्या मुलांना पुरी पडावी, याहून त्या संस्थेचे मोठे यश ते कोणते? १९२१ साली ज्या नाट्यगृहात एका वक्त्याला मातृभाषेत बोलू दिले गेले नाही, त्या संस्थेच्या अंगणात आज तेलुगू मोकळेपणाने ऐकू येते. कोणत्याही न्यायालयाने दिलेला हा निकाल नव्हे. काळाने, आणि दोन्ही भाषांतील सज्जन माणसांनी, तो दिला आहे. आणि त्यावर अपील करण्याची इच्छा कोणालाही होऊ नये.